घरात पॅनेल, बाहेर नेमसर्व्हर: फोंड्यातल्या डीएनएस मांडणीची प्रगती

डोमेन नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. ती चालवणारा पॉवरडीएनएस हा सर्व्हर आणि त्याच्यावरचं वेब पॅनेल फोंड्याच्या घरी मिनी पीसीवर आता स्थिर चालतंय. गावचं वाचनालय, आमचं नाट्यमंडळ आणि मित्रांचे होमस्टे यांची डोमेन नावं त्यावर आणली आहेत. नोंदणी आणि नूतनीकरण रजिस्ट्रारकडेच (नाव विकणाऱ्या कंपनीकडे), पण झोनमधली, म्हणजे त्या डोमेनच्या नोंदींच्या संचातली, प्रत्येक नोंद आपल्या हातात. नाट्यप्रयोगाच्या आदल्या रात्री तिकिटांचं पान नव्या सर्व्हरवर न्यायचं असेल, तर टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर इतरांनी जपून ठेवण्याची मुदत, आधीच ३०० सेकंदांवर आणून ठेवता येतो. एवढ्यासाठीही हा खटाटोप मला मोलाचा वाटतो.

पॅनेल निवडताना दोन पर्याय समोर होते. पॉवरॲडमिन पीएचपीतलं, हलकं, आणि मुळापासून थेट डेटाबेसमध्ये लिहिणारं. पॉवरडीएनएस-ॲडमिन पायथनमधलं, सर्व्हरशी एपीआयमार्फत (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या वाटेनं) बोलणारं. मी दुसरं घेतलं. एपीआयच्या वाटेनं गेलं की एसओएचा (झोनच्या मुख्य नोंदीचा) सिरियल, म्हणजे बदलाचा क्रमांक, वाढवणं आणि सही केलेला झोन (डीएनएसएसईसी, म्हणजे उत्तर खरं असल्याची डिजिटल सही लावलेला) रेक्टिफाय करणं, म्हणजे सहीसाठी नोंदींचा क्रम नीट लावणं, हे सर्व्हर स्वतः बघतो. हातानं स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा: डेटाबेसच्या तक्त्यात नावाच्या शेवटी टिंब नसतं, एपीआयला मात्र ते लागतंच.

बसवणं फार अवघड नाही. उबंटूवर नावं शोधून देणारा सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड आधीच डीएनएसच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवर बसलेला असतो, त्याचं तिथलं ऐकणं (स्टब लिसनर) बंद करायचं. पॉवरडीएनएसच्या कॉन्फिगरेशनमध्ये एपीआय चालू करून गुप्त की द्यायची. एपीआय ८०८१ पोर्टवर मिळतो. पॅनेल डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवण्याच्या सोयीत) ठेवणार असाल तर त्याची विनंती डॉकरच्या अंतर्गत पत्त्यावरून येते आणि सर्व्हर मुळात फक्त लोकलहोस्टचंच, म्हणजे त्याच यंत्राचं, ऐकतो, म्हणून परवानगीच्या यादीत तो पत्ता घालायलाच हवा. पॅनेलमध्ये पहिलं खातं उघडणारा प्रशासक होतो. ते झालं की नवी खाती उघडण्याची सोय लगेच बंद करा.

खरी मजा पुढे आहे. घरच्या फायबरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही, आम्ही सीजीनॅटच्या मागे, म्हणजे कंपनी एकच पत्ता अनेक घरांत वाटते. त्यात पावसाळ्यात झाड तारेवर आडवं झालं की वीज आणि इंटरनेट एकदमच जातात. म्हणून घरचा सर्व्हर लपलेला प्रायमरी (मूळ नोंदी सांभाळणारा) ठेवला आणि जगाला उत्तरं देण्याचं काम दोन भाड्याच्या सर्व्हरांकडे दिलं, एक मुंबईत आणि एक सिंगापुरात. दोन्हीवर नेदरलँड्सच्या एनएलनेट लॅब्जचा एनएसडी हा डीएनएस सर्व्हर आहे. तो फक्त अधिकृत (आपल्याकडच्या झोनची) उत्तरं देतो, दुसरं काही करत नाही, आणि हेच मला आवडतं. घरातून बाहेर वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढला आहे. कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जागी ठेवणारा निरोप, २५ सेकंदांवर, नाहीतर सीजीनॅट जोडणी विसरतो. झोनची नक्कल टीसिग कीसह (दोन सर्व्हरांनी एकमेकांना ओळखण्याच्या गुप्त कीसह) बोगद्यातूनच जाते. प्रायमरीला बोगद्यातले पत्ते ऑल्सो-नोटिफायमध्ये (बदल कोणाला कळवायचा त्या यादीत) सांगावे लागतात, कारण झोनच्या एनएस (नेमसर्व्हरांच्या) नोंदींत फक्त सार्वजनिक पत्ते आहेत.

वीज किती दिवस गेली तर चालेल? एसओएमधला एक्स्पायर, म्हणजे प्रायमरीशी संपर्क नसताना बाहेरच्या सर्व्हरांनी उत्तरं देत राहण्याची मुदत, याचं निम्मं उत्तर देतो. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी आरएफसी १९१२ दोन ते चार आठवडे सुचवते, म्हणून साध्या झोनना मी १२०९६०० सेकंद, म्हणजे १४ दिवस ठेवले. डीएनएसएसईसी लावलेल्या झोनचं गणित वेगळं. पॉवरडीएनएसच्या सह्या तीन आठवड्यांच्या असतात, त्यातला एक आठवडा मागचा आणि दोन पुढचे. ही मुदतीची खिडकी दर गुरुवारी सरकते, आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचला. बुधवारी रात्री वीज गेली तर बाहेरच्या सर्व्हरांकडच्या सह्यांना जेमतेम आठवडाच उरतो, मग एक्स्पायर १४ दिवसांचा असून उपयोग काय! म्हणून सही केलेल्या झोनना एसओए-एडिट या सेटिंगमध्ये इन्सेप्शन-इन्क्रिमेंट लावलं, म्हणजे सिरियल दर आठवड्याला पुढे जातो आणि एनएसडी ताज्या सह्या उचलतो. शिवाय डेटाबेसची रोजची प्रत मुंबईच्या सर्व्हरवर जाते. आठवडाभर अंधार राहिलाच तर तिथेच प्रायमरी उभा करता येईल. हा मुद्दा मांडणी आखतानाच पाहावा असं माझं ठाम मत आहे.

रजिस्ट्रारकडे दोन कामं होती. नेमसर्व्हरांची नावं आपल्याच डोमेनखाली असल्यामुळे ग्लू नोंदी (त्या नेमसर्व्हरांचे पत्ते) दिल्या, आणि सही केलेल्या झोनसाठी डीएस नोंद (वरच्या पातळीला आपल्या सहीच्या कीची ओळख सांगणारी) दिली: अल्गोरिदम १३, डायजेस्ट प्रकार २. डीएस मात्र सगळ्यात शेवटी द्यावी. दोन्ही सर्व्हर सह्यांसकट उत्तर देतात हे डिग या आदेशानं तपासल्याशिवाय नाहीच.

वाचनालयाला देवनागरी नाव हवं आहे, .भारतखाली. झोन पनीकोडमध्ये, म्हणजे नावाच्या इंग्रजी अक्षरांतल्या रूपात, करावा लागतो. त्यासाठी आयडीएन२ हा प्रोग्राम वापरतो. इथे मराठी माणसानं जपायला हवं: ‘वाऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो, एकदा ऱ हे अक्षर घेऊन आणि एकदा साधा र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच, पनीकोड वेगळे. असं अक्षर नसलेलंच नाव घ्या, असं मी समितीला सुचवलं आहे.

आता कॅटलॉग झोन, म्हणजे बाकीच्या झोनची यादी देणारा झोन, लावायचा आहे, आरएफसी ९४३२ प्रमाणे. सध्या पॅनेलमध्ये नवा झोन केला की दोन्ही एनएसडीवर तो हातानं लिहावा लागतो. कॅटलॉग लागला की ते आपोआप होईल. डिचोलीचा आमचा एक जोडीदार त्याची चाचणी स्वतःच्या मांडणीवर करतो आहे. त्याचं जमलं की चवथीआधी माझ्याकडेही लावणार.