पदकाच्या पाठीमागचे कुटुंब: माझा अनुभव

फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या स्थानिक शाखा, म्हणजे लॉज, आपल्या मावळत्या मास्टरला (शाखाप्रमुखाला) सन्मानपूर्वक जी चांदीची पदके देत असत, ती मी जमवतो. इंग्लिश पद्धतीच्या अशा पदकात गुण्याच्या (काटकोन मापायच्या साधनाच्या) आकृतीखाली एक लहानशी पट्टी लटकते आणि तिच्यावर पायथागोरसच्या प्रमेयाची आकृती कोरलेली असते. मला मात्र ओढ असते ती पाठीवरच्या मजकुराची, कारण माणूस तिथे सापडतो.

चोर बाजारात मिळालेल्या एका पदकावर मानकऱ्याचे नाव, लॉजचे नाव, क्रमांक आणि ‘ई. सी.’ ही आद्याक्षरे होती. शोधाला लागण्यापूर्वी ही आद्याक्षरे नीट पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन. मुंबईत इंग्लंड आणि स्कॉटलंड अशा दोन्ही ग्रँड लॉजच्या, म्हणजे तिथल्या शिखर संस्थांच्या, अधिकाराखालील लॉज नांदत होते. भारतीय सभासदांसाठी फ्रीमेसन जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ च्या सुमारास निघालेला ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हा लॉज स्कॉटिश होता. ‘एस. सी.’ (स्कॉटिश कॉन्स्टिट्यूशन) असेल तर एडिंबरोकडे वळावे लागते, ‘ई. सी.’ (इंग्लिश कॉन्स्टिट्यूशन) असेल तर लंडनकडे. केवळ क्रमांकावरही विसंबू नये, कारण इंग्लिश लॉजचे क्रमांक १८६३ मध्ये नव्याने लावले गेले.

काळ ठरवायला हॉलमार्क, म्हणजे चांदीची पारख झाल्याचे अधिकृत ठसे, उपयोगी पडला. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग (ठरावीक शुद्धतेची) चांदी आणि शेजारचे अक्षर म्हणजे वर्ष. हे अक्षर त्या काळी जुलैमध्ये बदलत असल्याने एकच अक्षर दोन वर्षांना लागू पडते. विक्रेते पदके घासून चकचकीत करतात तेव्हा आधी हेच ठसे झिजतात, याचे मला फार वाईट वाटते.

इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या १७५१ ते १९२१ या काळातील सभासद-नोंदवह्या आता संगणकावर पाहता येतात. त्यांत नावापुढे वय, निवास आणि व्यवसायही लिहिलेला असतो. माझ्या मानकऱ्यापुढे रेल्वेतील फोरमन आणि इगतपुरी असे दोन शब्द होते, आणि त्याच नावाच्या दुसऱ्या एका इसमापासून त्याला वेगळे काढायला तेवढे पुरेसे ठरले.

पुढचा धागा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या) कागदपत्रांत मिळाला. मुंबई इलाख्यातील चर्चनी पाठवलेली बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची विवरणे तिथे ‘एन/३’ या क्रमांकाखाली आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांची नावे व वडिलांचा हुद्दा असतो, तर विवाहाच्या नोंदीत वधू आणि वर दोघांच्याही वडिलांची नावे असतात; त्यामुळे पिढी मागे नेण्यासाठी मी विवाहाची नोंद आधी शोधतो. या मार्गाने मानकऱ्याची पत्नी, तीन मुले आणि सासरे इतके जण हाती लागले. धाकट्या मुलीचा विवाह कॅथलिक चर्चमध्ये झाला असावा असे दिसते, आणि या विवरणांत कॅथलिक नोंदी तुटक असल्यामुळे आता त्या चर्चच्या मूळ वह्या पाहण्याची परवानगी मागणारे पत्र मी धर्मगुरूंना पाठवले आहे.