सेंट अँड्र्यूजला चिप शिकायला

गोल्फ खेळताना ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताच्या, कडेपासून दहा-बारा पावलांवर चेंडू थांबला, की माझ्या पोटात गोळा यायचा. तिथवरचं सगळं मला बऱ्यापैकी जमायचं. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, चेंडू सरळ जायचा, लांबच्या फटक्यांची भीती कधी वाटली नाही. पण झेंडा समोर दिसतोय, चालत गेलं तर मिनिटभरात पोचू, आणि तेवढ्याशा अंतराला मला तीन-तीन, चार-चार फटके लागायचे. कधी चेंडूच्या आधी जमीनच उकरली जायची आणि चेंडू वीतभर सरकायचा. पुढच्या खेपेला पात्याची धार चेंडूच्या पोटात बसायची आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या झाडीत. गोल्फ मी वयाच्या 46व्या वर्षी पुण्यात, येरवड्याला शिकायला लागले. सहा वर्षांत बाकीचा खेळ सुधारला, चिप, म्हणजे ग्रीनजवळून मारायचा हा आखूड फटका, मात्र तिथल्या तिथेच. म्हणून या जूनमध्ये स्कॉटलंडला जायचं ठरलं तेव्हा नवऱ्याला सांगून टाकलं: एडिंबराचे दोन दिवस तुझे, पुढचे आठ दिवस सेंट अँड्र्यूजचे, आणि तिथे मला फक्त चिप शिकायची आहे.

एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनवरून गाडी निघाली की थोड्याच वेळात फोर्थ ब्रिज लागतो. 1890 साली खुला झालेला हा लाल पूल. खिडकीबाहेर त्याच्या पोलादी तुळया एकामागून एक मागे पळतात आणि खाली खाडीचं करडं पाणी दिसतं. सेंट अँड्र्यूजला आता रेल्वे जात नाही, तिथलं स्टेशन 1969 साली बंद झालं. लूकर्स स्टेशनला उतरून 99 नंबरची बस धरायची. गोल्फची बॅग खांद्याला अडकवून मी बसमध्ये चढले, तर कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. गणवेशातल्या एका शाळकरी मुलाच्या पायाशी तसलीच बॅग होती.

गावात पोचल्यावर सामान टाकलं आणि आधी मैदानावर गेले. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली ही वाळूची पट्टी. हिलाच लिंक्स म्हणतात. वाळूत पीक येत नाही, म्हणून शतकानुशतकं इथे मेंढ्या चरल्या, सशांनी बिळं केली आणि लोक खेळले. 1552 साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना इथे ससे पाळायची मुभा मिळाली, पण त्याच सनदेत या जमिनीवर गोल्फ खेळायचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केलेला आहे. मला यातले ससे महत्त्वाचे वाटतात. सशांनी आणि मेंढ्यांनी कुरतडून कुरतडून ठेवलेल्या बारीक गवतावर हा खेळ वाढला. मी बूट काढून उभी राहिले. सारवून वाळलेल्या अंगणासारखी टणक जमीन, वर केसांसारखं बारीक गवत, आणि समुद्रावरून अखंड वारा. चेंडू ठेवला तर तो गवतावर बसतच नव्हता, थेट जमिनीवर टेकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रॅथटायरम या गोल्फच्या मैदानावर, म्हणजे कोर्सवर, खेळायला गेलो. इथल्या कोर्सांपैकी हा नवख्यांना जरा सोयीचा, 1993 साली झालेला. इथल्या जुन्या, नावाजलेल्या ओल्ड कोर्सवर खेळायला सोडतीत नाव लागावं लागतं, माझं आठही दिवसांत लागलं नाही, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटलं नाही. तिसऱ्या होलला चेंडू ग्रीनपासून पंधरा पावलांवर आला. मी नेहमीप्रमाणे सँड वेज काढला, म्हणजे 56 अंश तिरक्या पात्याचा क्लब (चेंडू मारायची काठी). पातं जमिनीवर आपटून उसळलं, धार चेंडूच्या मधोमध बसली, आणि चेंडू गुडघाभर उंचीवरून ग्रीन पार करून तेवढाच पलीकडे गेला. सातव्याला तेच. अकराव्याला तेच.

असं का होतं, हे पूर्वी मला कुणी नीट समजावलं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. वेजचा तळ सपाट नसतो. पात्याची पुढची धार थोडी वर असते आणि तळाचा मागचा भाग फुगीर, खाली उतरलेला असतो. या उताराच्या कोनाला बाउन्स म्हणतात. मऊ वाळूत किंवा ओल्या गवतात हाच फुगीर भाग पात्याला रुतू देत नाही, होडीच्या तळासारखा वर तरंगत ठेवतो. गोल्फपटू जीन सॅरझन यांनी 1932 साली ब्रिटिश ओपन जिंकली ती असा तळ बनवून घेतलेला सँड वेज हातात घेऊनच. माझ्या वेजचा बाउन्स 14 अंशांचा. पावसाळ्यातल्या पुण्यासाठी तो अगदी योग्य. इथे टणक जमिनीवर तोच फुगीर भाग आधी आपटतो, पातं वर उडतं, आणि धार चेंडूला लागते. हत्यार चांगलं होतं, पण ते दुसऱ्या मातीसाठी घडवलेलं होतं.

संध्याकाळी हिमालयात गेले. ओल्ड कोर्सला लागून एक मोठं पटिंग ग्रीन, म्हणजे चेंडू नुसता घरंगळवत खेळायची हिरवळ, आहे, त्यावर इतके उंचवटे आणि खळगे आहेत की त्याला सगळे हिमालय म्हणतात. ही 1867 साली सुरू झालेल्या बायकांच्या पटिंग क्लबची जागा. हातातला क्लब खांद्याच्या वर नेणं बायकांना शोभत नाही असं तेव्हा मानलं जायचं, म्हणून त्यांच्या वाट्याला पटर, म्हणजे चेंडू घरंगळवायचा क्लबच, आला. आज थोडे पैसे भरून कुणालाही तिथे खेळता येतं. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. माझ्या पुढे एक आजी नातवाला घेऊन खेळत होत्या. चेंडू मारायच्या आधी त्या होलकडे बघतच नव्हत्या, होलच्या बाजूच्या टेकाडाकडे बघायच्या. चेंडू त्या टेकाडावर चढायचा, वर जाऊन क्षणभर रेंगाळायचा आणि वळून खाली होलकडे उतरायचा. मी न राहवून विचारलं, हे कसं ठरवता? त्या म्हणाल्या, "कुठे जायचं ते जमिनीला माहीत असतं. तुम्ही चेंडू फक्त तिच्या स्वाधीन कुठे करायचा ते बघा." रात्री झोपेपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत होतं.

तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दोन तास शिकवणी. शिकवणारी मुलगी पंचविशीतली असेल. माझे तीन फटके तिनं पाहिले, वेज हातातून घेतला आणि बॅगेत ठेवून दिला. "हा दोन दिवस बाहेर काढायचा नाही." मग पटर दिला. ग्रीनच्या बाहेरून, वीस पावलांवरून, आखूड गवतातून पटर! येरवड्याला ही कल्पना मला सुचलीच नसती, कारण तिथल्या गवतात चेंडू अडखळतो. इथे तो गुळगुळीत घरंगळत गेला. तिचा क्रम साधा होता: पटर चालत असेल तर पटर, नाही तर चेंडू बुटकाच उडवून पळवायचा, आणि मध्ये बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, किंवा उंच गवत आडवं आलं, तरच उंच उडवायचा. मी सहा वर्षं हा क्रम उलटा लावत आले होते.

मग आठ नंबरचा आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याचा क्लब. पाय जवळ, मध्ये जेमतेम एक बूट बसेल एवढंच अंतर. अंगाचा भार डाव्या पायावर, आणि फटका संपेपर्यंत तिथेच. चेंडू उजव्या पायाच्या समोर. क्लब पटरसारखा उभा धरायचा, इतका की पात्याची टाच, म्हणजे दांड्याकडची बाजू, जमिनीवरून किंचित उचलली जाते. त्यामुळे पात्याचा थोडाच भाग जमिनीला लागतो आणि अडकत नाही. मनगटं शांत, खांदे आणि छाती मिळून झोका. मागे जेवढा, पुढेही तेवढाच.

माझा खरा दोष मनगटांत होता. चेंडू वर उडाला पाहिजे या धास्तीनं मी शेवटच्या क्षणी उजव्या हातानं त्याला पळीनं आमटी ढवळल्यासारखी खालून उचल द्यायचे. तसं केलं की झोक्याचा सगळ्यात खालचा बिंदू चेंडूच्या मागे जातो. मग एक तर जमीन आधी लागते, नाही तर पातं वर येता येता चेंडूला धारेनं लागतं. म्हणजे माझ्या दोन्ही चुका मुळात एकच होत्या. तिनं क्लबच्या मुठीला एक लांब काठी जोडली, तिचं टोक माझ्या डाव्या बरगडीशेजारून मागे आलेलं. मनगट झटकलं की काठी बरगडीवर आपटायची. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिथे लाल वळ होता. तिसऱ्या दिवशी काठी अंगाला लागेनाशी झाली, आणि चेंडूचा आवाज बदलला. आधी खरखर ऐकू यायची, आता बारीकसा टक्.

अंतराचा हिशेब तिनं टॉवेल अंथरून शिकवला. टॉवेल ग्रीनच्या कडेपासून पाऊलभर आत. चेंडू दर वेळी टॉवेलवरच पडायला हवा, पुढे किती पळेल ते क्लब ठरवतो. सपाट जमिनीवर बारातून क्लबचा नंबर वजा करायचा: आठ नंबर घेतला तर चेंडू जेवढा उडेल त्याच्या चौपट पळतो, नऊनं तिप्पट, आणि पिचिंग वेजला दहा धरलं तर दुप्पट. चढ असेल तर कमी, उतार असेल तर जास्त. हा ढोबळ हिशेब आहे, पण त्यानं माझी नजर झेंड्यावरून सुटली आणि टॉवेलवर आली.

मधे रविवार आला. रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद असतं, सगळं गाव तिथे फिरायला येतं, कुत्री मोकळी धावतात. मी 18व्या होलच्या ग्रीनसमोरच्या खोलगट भागात जाऊन बसले. याला व्हॅली ऑफ सिन म्हणतात. 1995 सालच्या ब्रिटिश ओपनमध्ये इटलीचे कोस्तान्तिनो रोक्का यांना जॉन डेली यांच्याशी बरोबरी करायला शेवटच्या होलवर बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी, हवी होती. त्यांची चिप इथेच फसली, चेंडू जेमतेम सरकून या खळग्यात आला. जगासमोर, अगदी माझ्यासारखी चिप. मग त्यांनी पटर घेतला, आणि सुमारे 60 फुटांवरून, हा चढ चढवून, चेंडू होलमध्ये घातला. पुढे बरोबरी फोडायचा प्लेऑफ डेली यांनी जिंकला. मी त्या उतारावर हात फिरवून पाहिला. गवत आमच्या दिवाणखान्यातल्या सतरंजीहून आखूड होतं. इतक्या आखूड गवतावरून वेज मारायला किती धैर्य लागतं, हे हाताला कळलं.

तिथून कॅथीड्रलच्या पडक्या भिंतींकडे गेलो. टॉम मॉरिस या एकाच नावाचे गोल्फपटू पितापुत्र तिथेच पुरले आहेत. वडिलांनी या मैदानाची वर्षानुवर्षं निगा राखली. मुलगा चार वेळा ओपन जिंकून 1875 च्या नाताळच्या दिवशी, अवघ्या 24व्या वर्षी गेला. त्याच्या समाधीवर तो दगडात कोरलेला आहे, क्लब हातात, मान खाली, नजर चेंडूवर. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी होते.

शेवटच्या दिवशी पुन्हा स्ट्रॅथटायरम. तिसऱ्या होलला चेंडू मुद्दाम तिथेच, पंधरा पावलांवर ठेवला. वारा डावीकडून. आठ नंबर घेतला, टॉवेलची जागा डोळ्यांनी धरली, भार डाव्या पायावर. टक्. चेंडू बुटका उडाला, ग्रीनवर पाऊलभर आत पडला, आणि उंचवट्याला वळसा घालत पळत राहिला, पळत राहिला. होलपासून हातभर अंतरावर थांबला. नवरा लांबून टाळ्या वाजवत होता. माझे डोळे भरून आले होते.

जुलैत येरवड्याला गेले तेव्हा रात्रभर पाऊस पडून गेला होता. पहिल्याच ग्रीनला मी मोठ्या विश्वासानं आठ नंबर काढला. चेंडू जिथे पडला तिथेच रुतून बसला. बॅग वाहणारा कॅडी म्हणाला, "मॅडम, पाणी धरलंय जमिनीनं. इथं पळायचा नाही, छप्पन घ्या." मी 56 घेतला, पाय जवळ आणले, भार डावीकडे टाकला, आणि टॉवेल मनातल्या मनात उचलून झेंड्यापासून दोन पावलांवर अंथरला.