रवंथ थांबले तेव्हा

गेल्या वैशाखात वळवाच्या पावसाने आमची उडवी भिजली, पेंढ्याला बुरशी धरली आणि कातळावरचे गवत तर वणव्यात आधीच गेले होते. तेव्हा गुहागरजवळच्या आमच्या गोठ्यातील गाईला मी चाऱ्याऐवजी पेंड, मक्याचा भरडा आणि तांदळाची कणी यांचे आंबोण दुपटीने घालू लागलो. चौथ्या दिवशी शेण सैल व फेसाळ झाले, दूध पातळ लागू लागले. गाय बसून होती, पण तिचा जबडा हलत नव्हता.

एरवी रवंथ करताना तिच्या गळ्यातून घास वर सरकताना स्पष्ट दिसतो आणि एकेक घास ती पन्नासेक वेळा चावते. या चावण्यातूनच दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ पोटात जाते, आणि लाळेतील सोडा कोठीपोटातील, म्हणजे चारा आंबतो त्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातील, आम्ल शमवतो. चावणे थांबले आणि पिष्टमय खुराक मात्र वाढला, की कोठीपोटातील सामू (pH; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) साडेपाचाच्या खाली उतरतो, तंतू पचवणारे जिवाणू मागे पडतात आणि दुधातील स्निग्धांश घटतो.

डॉक्टरांच्या सल्ल्याने आंबोण कमी केले, खाण्याचा सोडा दिला आणि शेजाऱ्यांकडून कोरडा पेंढा आणला. त्यानंतर मी चाऱ्याच्या कृत्रिम पर्यायांविषयी वाचू लागलो. अमेरिकेत धान्यावर पोसलेल्या गुरांना कालवांच्या शिंपल्यांचे तुकडे घालून पाहिले होते. पुढे 1991 मध्ये ओहायोतील संशोधनात मांसासाठी पोसलेल्या बैलांच्या कोठीपोटात भांडी घासण्याच्या प्लॅस्टिकच्या घासण्या ठेवल्या गेल्या. रवंथ सुरू होते ते चारा पोटाच्या भिंतीला टोचल्याने; घासण्यांचा खरखरीतपणाही तसाच टोचत राहतो, म्हणून चाऱ्याचे काम काही अंशी भागते. (रस्त्यावर गाई गिळतात त्या मऊ पिशव्यांचा मात्र नुसता गोळा होतो; ती गोष्ट निराळी.)

तरीही दुभत्या गाईसाठी हा मार्ग मला पटत नाही. पेंढा टोचतो तसा तो पोटात आंबतोही, आणि त्या आंबण्यातून निघणाऱ्या ॲसिटिक आम्लापासून दुधातील बराचसा स्निग्धांश तयार होतो. प्लॅस्टिक वर्षभर पोटात राहिले तरी त्यातून काही निघत नाही. शिवाय मांसाचे जनावर धान्यावर काही महिनेच पोसले जाते, आमची गाय मात्र दहा वेते तरी गोठ्यात राहावी अशी आमची इच्छा असते.

यंदा मळणी होताच निम्मा पेंढा माळ्यावर चढवला आहे. आंबोणाआधी प्रत्येक वेळी एक पेंढी सोडतो, आणि ती बारीक न कापता बोटभर लांबीची ठेवतो.