तुम्ही विचारलंत म्हणून: एका क्लबात का टिकलो नाही

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघायला गेलो की कुणीतरी ओळखीचं भेटतंच. चहा सांगितला जातो आणि मग प्रश्न येतो, "एवढा चांगला खेळत होतास, मग एका जाग्याला का टिकला नाहीस रं?"

विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. कोल्हापुरात खेळाडू पेठेचा असतो, तालमीचा असतो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ... हे असे तालमींचे, पेठांचे संघ. ज्या तालमीच्या दारात वाढलो तिचीच जर्सी घालायची, हा इथला जुना शिरस्ता. वडील ज्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडले त्याच संघासाठी पोरगा ओरडतो. अशा गावात मोसमागणिक वेगळी जर्सी घालणारा म्हणजे एकतर पैशाच्या मागं लागलेला, नाहीतर कुणाशीच न पटणारा, असा समज होतो. उभ्या उभ्या चहा पिताना याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

मी राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू. आधी कोल्हापूरची केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीग, मग मुंबईत कूपरेजच्या मैदानावर तिथल्या लीगचा वरचा गट म्हणजे एलिट डिव्हिजन, देशपातळीवरच्या आय-लीगची खालची पायरी म्हणजे सेकंड डिव्हिजन, मध्ये पुणे, परत मुंबई आणि शेवटी पुन्हा कोल्हापूर. पोट भरलं ते फुटबॉलवरच, पण कुठलाही करार मोसमापलीकडचा मिळाला नाही.

आमच्या आधीच्या पिढीला टिकता आलं, कारण त्यांच्या पायाखाली नोकरी होती. मुंबईच्या मैदानावर तेव्हा बँका, रेल्वे, गिरण्या, मोठ्या कंपन्या यांचे संघ होते. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, सेंट्रल बँक, एअर इंडिया. पोरगा खेळाच्या कोट्यातून चिकटायचा, सकाळी सराव करायचा, दुपारी टेबलावर बसायचा, गुडघे कुरकुरायला लागले की बूट ठेवायचा आणि अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी निवृत्त व्हायचा. त्याची निष्ठा खरीच होती, पण त्या निष्ठेला दरमहा पगार होता, प्रॉव्हिडंट फंड होता. माझी पिढी मुंबईत पोहोचली तेव्हा कायमची भरती जवळजवळ आटलेली होती. कंपनीची जर्सी मिळायची, पण स्टायपेंडवर. मोसम संपला की स्टायपेंड संपला.

आणि मग क्लबच बंद पडायला लागले. आय-लीगच्या आधी जी राष्ट्रीय लीग होती, ती 2005-06 मध्ये जिंकणारा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. पुढच्याच वर्षी पंजाबचा जेसीटी गेला, ज्यानं 1996-97 ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती. 2013 मध्ये परवान्याच्या अटी पूर्ण होत नाहीत म्हणून एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगच्या बाहेर पडले. पुण्यात भारत एफसी एकच मोसम खेळला, 2015 मध्ये पुणे एफसीचा गाशा गुंडाळला गेला आणि 2017 मध्ये डीएसके शिवाजियन्सचा. ही यादी वाचताना लोकांना वाटतं, हे वरच्या लोकांचं दुखणं. पण क्लब बंद पडला म्हणून त्याचे वीस-पंचवीस खेळाडू घरी बसत नाहीत. ते एक पायरी खाली येतात. त्या पायरीवरचे सेकंड डिव्हिजनला येतात, सेकंड डिव्हिजनचे एलिटला, एलिटमधले आपापल्या गावी. महिंद्रा बंद झाला त्या मोसमात आमच्या संघाच्या चाचणीला जी पोरं आली होती त्यातल्या काहींना मी टीव्हीवर खेळताना बघितलेलं. त्यांच्यापुढं माझी जागा गेली, आणि त्यात कुणाचाच दोष नव्हता. त्यांनाही घरभाडं द्यायचं होतं.

सेकंड डिव्हिजन म्हणजे काय, तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं वर्षभर लीग चालते. सगळा कारभार काही महिन्यांचा. सामने थोडे, करार चार-पाच महिन्यांचा आणि घरभाडं मात्र बारा महिन्यांचं. उरलेल्या महिन्यांसाठी दुसरी लीग शोधायची, नाहीतर गावोगावच्या स्पर्धा. 2014 मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) आली तेव्हा आम्हाला वाटलं, आता वर जायला शिडी मिळेल. पण खालून जिंकत वर जायची वाटच तिथं नव्हती. 2022-23 ची आय-लीग जिंकून पंजाबचा क्लब वर गेला, तो पहिला. तोवर माझी उमेद सरली होती. 2017-18 पासून आयएसएल क्लबांचे राखीव संघ सेकंड डिव्हिजनमध्ये खेळायला लागले. कोवळ्या पोरांना सामने मिळाले ही चांगलीच गोष्ट, पण सव्वीस-सत्तावीस वयाच्या राइट बॅककडं बघायची कुणाला गरज उरली नाही.

दुखापतीचं तर विचारूच नका. एका संघात माझ्या शेजारी खेळणाऱ्या स्टॉपरचा, म्हणजे मधल्या बचावपटूचा, गुडघा गेला. लिगामेंट. महिना संपला आणि त्याला सांगण्यात आलं की करार इथंच थांबतोय. ऑपरेशनचा खर्च त्याच्या थोरल्या भावानं सोसायटीचं कर्ज काढून केला. तो परत खेळला, पण वळताना कायम थोडा थांबून वळायचा. त्या क्लबानं हवेतला प्रत्येक बॉल त्यालाच उडी मारून डोक्यानं काढायला लावला होता. एका पोराच्या शरीराचा असा वापर करून त्याला परतीच्या एसटीत बसवणं याचा मला आजही संताप येतो.

आता मूळ प्रश्नातली दुसरी बाजू. टिकलो नाही म्हणजे काही जमवलं नाही, असं गृहीत धरलं जातं. ते मला अजिबात मान्य नाही. संघ बदलणाऱ्याला एक कसब यावं लागतं, ते एका जागी राहणाऱ्याला शिकायची वेळच येत नाही. नव्या संघात गेल्यावर चार-पाच दिवसांत मॅच असते. तेवढ्यात अनोळखी बचावफळीत शिवून घ्यायचं असतं. पहिल्या सरावाला मी बॉलकडं कमी आणि माणसांकडं जास्त बघायचो. गोलकीपर बोलतो का, आणि कुठल्या भाषेत? कीपर मणिपूरचा, स्टॉपर गोव्याचा, लेफ्ट बॅक बंगालचा असा संघ असला की सगळा संसार 'मॅन ऑन', 'टाइम', 'होल्ड', 'आउट' एवढ्यावर चालतो. माझ्या शेजारचा स्टॉपर डावखुरा असेल तर दबाव आला की तो आत वळणार आणि मला पास उशिरा देणार, म्हणून मी चार पावलं मागं आणि आत राहायचो. तो हवेतल्या बॉलवर झेपावणारा असेल तर त्याच्या पाठीमागची जागा माझी. मागंच थांबणारा असेल तर मला बाहेर निघता यायचं. पुढचा विंगर परत धावत येतो का? हे कळेपर्यंत पहिली पंधरा मिनिटं ओव्हरलॅप करायचाच नाही, म्हणजे विंगरला मागं टाकून पुढं धावायचं नाही, मग कोच बाहेरून कितीही ओरडू दे. गोल खाल्ला तर नाव बॅकचंच निघतं.

मैदानंही शिकावी लागतात. कूपरेजच्या कृत्रिम टर्फवर दुपारच्या मॅचला तळपाय भाजून निघतात आणि बॉल जमिनीला लागून सपकन पुढं जातो. शाहू स्टेडियमवर मोसमाच्या सुरुवातीला जमीन पाय धरते, उन्हाळ्याकडं तीच कडक होते आणि उसळी वाढते. सवयीचा बॅक तिथं छातीवर घेतो, नवखा डोक्यावरून सोडतो.

कोल्हापुरात परत आल्यावर मी शेजारच्या पेठेच्या संघाकडून खेळलो, कारण माझ्या तालमीकडं त्या वर्षी राइट बॅक होता आणि तो माझ्यापेक्षा तरुण होता. आईला भाजी आणताना लोकांनी अडवून विचारलं. तिनं सांगितलं, "त्यांनी बोलावलं, ह्यो गेला." मला त्यापेक्षा चांगलं उत्तर आजवर सुचलेलं नाही. इथल्या वरिष्ठ गटात 16 संघ, त्यात बाहेरगावची पोरं, परदेशी खेळाडूसुद्धा पेठांच्या वर्गणीवर येऊन खेळतात. त्यांनी गोल मारला की आपण त्यांना खांद्यावर घेतो. मग इथल्याच पोरानं बाहेर जाऊन तसंच पोट भरलं तर त्याला वेगळा न्याय का लावायचा?

जुलै 2025 मध्ये आयएसएलचा नवा मोसम लांबणीवर पडला आणि देशातल्या सगळ्यात वरच्या खेळाडूंनाही पगाराची चिंता लागली. तेव्हा काही जुन्या सोबत्यांचे फोन आले. कुणालाच आनंद झाला नव्हता. वरून पाणी तुटलं की खालच्या शेताचं काय होतं, ते आम्हाला पाठ आहे.

हल्ली मी पोरांना शिकवतो आणि त्यांचे वडील वेगळाच प्रश्न विचारतात, "भाऊ, बाहेरच्या क्लबाकडून बोलावणं आलंय, पाठवू का?" अनिकेत जाधव इथूनच जाऊन 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, हे त्यांच्या डोळ्यांपुढं असतं, आणि असावंच. मी पाठवा म्हणतो. फक्त सहीच्या आधी करार माझ्याकडं आणायला सांगतो. पगार किती महिने आणि कुठल्या तारखेला, हे लिहिलेलं पाहिजे. दुखापत झाली तर उपचार कोण करणार आणि तोवर पैसे चालू राहणार का, तेही लिहिलेलं पाहिजे. मोसम संपल्यावर एनओसी, म्हणजे दुसऱ्या क्लबात जायचं ना-हरकत पत्र, किती दिवसांत मिळणार, ते विचारा. सही झालेली एक प्रत घरी ठेवा, फोटोवर भागवू नका. आणि कॉलेजचा प्रवेश काढून घेऊ नका, परीक्षा बाहेरून देता येतात का ते बघा. एवढं झालं की पोराला बूट मात्र दोन जोड घेऊन द्या, एक टर्फचा आणि एक आपल्या मातीचा.