लास्टिक

धुतलेला पायजमा घातला आणि चार पावलांत तो घसरायला लागला. लास्टिक गेलं होतं. आमच्याकडे लास्टिक तुटत नाही, ते ‘जातं’. ताणून पाहिलं तर आतून कर्रकर्र आवाज आला, रबराचे बारीक तुकडे केसांसारखे बाहेर डोकावले आणि पट्टी लांबली ती लांबलेलीच राहिली. वरचा दोरा शाबूत. आतलं रबर घाम, साबण आणि उन्हानं खलास.

दुकानात मी एकदा ‘इलॅस्टिक’ म्हणून पाहिलं. दुकानदार म्हणाला, “काय?” ‘एक इंची लास्टिक’ म्हटल्यावर लगेच मोजायला घेतलं.

काही जण याला लवचिक म्हणतात. मला पटत नाही. लवचिक म्हणजे लवणारं. वेताची छडी लवचिक. तिला ओढून वीतभर लांब करून दाखवा!

शाळेतला शब्द होता ‘स्थितिस्थापक’. सरांनी फळ्यावर लिहिलं, रबरापेक्षा पोलाद जास्त स्थितिस्थापक. वर्ग हसला. सरांचं म्हणणं असं, की किती ताणलं जातं याला इथे भाव नाही. तेवढ्याच जाडीची तार तेवढीच लांबवायला पोलादाला रबराच्या हजारो पट जोर लागतो, आणि सोडली की ती गुपचूप जागेवर येते. फार ताणली नसली तर, अर्थात.

हा जोडाक्षरी शब्द कुठल्याशा परिभाषा समितीनं पाडला असणार, अशी माझी खात्री होती. पण तो १७व्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या तर्कशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात सापडला, आणि वैशेषिक या जुन्या भारतीय दर्शनाच्या मंडळींकडे तर त्याच्याही कितीतरी आधीपासून होता. ते म्हणतात, संस्कार हा एक गुण, आणि त्याचे प्रकार तीन: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. भावना म्हणजे अनुभवातून मागे उरतं आणि ज्यामुळे आठवण येते ते. स्थितिस्थापक म्हणजे बदललेल्या वस्तूला पुन्हा पहिल्या अवस्थेत आणतं ते. म्हणजे आठवण आणि लास्टिक सख्खी भावंडं निघाली! अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर या संशोधकाला रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करायची युक्ती सापडली १८३९ मध्ये. अन्नंभट्टानं मग उदाहरण दिलं ते कशाचं? चटईचं.

आमच्या माळ्यावर आहे तशी एक. वर्षभर गुंडाळलेली. पंगतीला काढली की तिची टोकं वर उचलतात. एका कोपऱ्यावर तांब्या, दुसऱ्यावर वरवंटा, तिसऱ्यावर पाट आणि चौथ्यावर घरातलं एखादं पोर बसवावं लागतं. पोर उठलं रे उठलं, की तो कोपरा आत वळतो.

त्या दिवशी दुकान उघडेपर्यंत म्हणून नेफ्यात नाडी ओवली. घाईत सुरगाठीची निरगाठ बसली.