मापाचा मेंदू

"म्हणजे तुमच्याकडे एक मापाचा मेंदू आहे होय?"

अभ्यासासाठी एमआरआय द्यायला आलेल्या सत्तरीच्या काकू स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. शिंप्याकडे मापाचा ब्लाउज देतो ना, तसा.

अगदी तसंच, म्हटलं. प्रत्येकाच्या मेंदूच्या घड्या वेगळ्या. तुलना करायची तर तुमच्या मेंदूतला हा ठिपका ठरलेल्या साच्यावर नेमका कुठे पडतो, ते आधी जुळवावं लागतं.

"मग तो मेंदू कुणाचा?"

तिथे मी अडखळले. मेंदूचा १९८८ चा तालाराक नकाशा एका साठ वर्षांच्या फ्रेंच बाईंच्या मेंदूवरून, त्यांच्या मृत्यूनंतर काढलेला. आम्ही वापरतो तो साचा कॅनडातल्या माँट्रियलचा, १५२ तरुणांच्या स्कॅनची सरासरी.

काकू गेल्यावर जुळणी बघत बसले. त्यांच्या मेंदूच्या मधोमध फुलपाखरासारखी दिसणारी पाण्याची पोकळी वयानुसार रुंद झालेली. सॉफ्टवेअर तिला दोन्ही बाजूंनी दाबत दाबत तरुण मापात बसवत होतं. शेकडो वेळा बघितलंय हे. आज मात्र बघवेना. तिथेच तर त्यांचं वय दिसत होतं!

हैदराबादच्या ट्रिपल आयटी या संस्थेने १०० भारतीयांच्या स्कॅनवरून आपला साचा केलाय, आणि त्यात आपले मेंदू सरासरीने लांबी-रुंदी-उंचीला माँट्रियलच्या साच्यापेक्षा लहान निघाले. फार मोलाचं काम. पण तेही सगळे तरुणच.

काकूंच्या मापाचा मेंदू आणायचा कुठून?