३९३ मीटर

"माथ्यावर उभं राहू नका, बसा." समोरून उतरणाऱ्या आजी म्हणाल्या. सत्तरीच्या असतील, सोबत चिखलाने माखलेलं कुत्रं.

मी नुसता हसलो. कळसूबाई १६४६ मीटर, आणि स्कॉटलंडच्या एग बेटावरचा हा अन स्गूर जेमतेम ३९३. आम्हाला काय शिकवता!

अर्ध्या तासाने माथ्यावरच्या सर्व्हेच्या खांबाला मिठी मारून बसलो होतो. टोपी समुद्राकडे गेली, बहुधा समोरच्या रम बेटावर पोचली असेल.

उतरताना मान खाली होती (निसरडं होतं, आणि थोडी लाजही), म्हणून दगड नीट दिसला. पिचस्टोन. काळपट, तुटलेल्या कडेला काचेसारखी चमक. गंमत म्हणजे हा कडा कधीकाळी दरी होता. ज्वालामुखीने ती भरून टाकली. मग बाजूचा बसाल्ट, आपल्या सह्याद्रीतला असतो तसाच, झिजून गेला आणि हा चिवट भराव तेवढा उरला.

शंभरेक वस्तीचं बेट. १९९७ साली लोकांनी ते मालकाकडून विकत घेतलं. धक्क्यावर बोटीची वाट बघताना पुन्हा त्याच आजी.

माझ्या उघड्या डोक्याकडे बघून म्हणाल्या, "बसलात ना?"

डोंगराची उंची विचारायची सवय आपल्याला कधी लागली हो?